रोह्याला पोचलेली सुकट

आमच्या घरात डबे मी बनवते आणि पळवतात सासूबाई.

डबे म्हणजे जेवणाचे नव्हेत. कॉलेजातली हौशी पोरं छोट्याशा कंट्रोलरवर घरच्या घरी दिवे, पंखे, पंप चालवायचे खटाटोप करतात. त्यांना तारा खोचायला भोकाभोकांचे बोर्ड लागतात आणि तो सगळा पसारा झाकायला डबे. दोन्ही मी पेणला आमच्या मागच्या पडवीत बनवते. मोठे डबे तर कारखान्याच्या तोलाचे: करडे, जाड, चार कोपऱ्यांत स्क्रू, झाकणाखाली रबराची पट्टी. आत पाणी शिरत नाही, धूळ शिरत नाही. (सासूबाई शिरतात.)

त्यांचं माहेर धरमतरच्या खाडीकाठचं, सुक्या मासळीवर जीव असलेलं. घट्ट झाकणाच्या डब्याचा त्यांना जगात एकच उपयोग दिसतो. "गो, यात पावसाल्यात पन सुकट सादलत नाय," असं म्हणतात आणि माझा आणखी एक डबा त्यांच्या फळीवर जातो.

त्या दिवशी मला रोह्याच्या एका कंपनीत नमुना दाखवायचा होता. टाकी भरली की भोंगा वाजवणारं यंत्र. डब्याच्या बुडाला एक बटण आणि बाहेर आलेल्या दोन तारा. तारांना पाणी लागलं की आतला भोंगा सुरू, आणि तारा कोरड्या होईपर्यंत थांबायचं नाव नाही. पोरांच्या किरकोळ मागणीवर पडवी चालत होती खरी, पण घरात सगळे तिला 'हिचा खेळ' म्हणत. नवरा तर पाहुण्यांनाही तसंच सांगे. ही ऑर्डर मिळाली तर खेळ संपून धंदा सुरू होणार होता, त्यामुळे माझा जीव टांगणीला लागला होता.

निघताना सासूबाईंनी एक पिशवी पुढे केली.

"कासूला गाडी थांबल ना, तवा मनीला दे. फलाटावर उभी असल ती. उतरू नको, दारातनंच दे."

मनी म्हणजे माझी नणंद. कासूला असं दारातून सामान देण्याची आमच्याकडे जुनी रीत आहे. पापड, केळ्यांचा घड, एकदा तर मनीचा मुलगासुद्धा असाच पोचता झालाय. पिशवीत माझाच डबा होता, आत सुकट. आणि पिशवी? माझ्या नमुन्याच्या पिशवीची जुळी बहीण! दोन्ही सासूबाईंनी एकाच जुन्या पडद्यातून शिवलेल्या आणि तोंडाला करकचून गाठ मारलेल्या.

मी मुळीच घाबरले नाही. सुकटीची पिशवी ओळखायला नाक आहे की! आमची सुकट गाडीत चढली की समोरचा बाक आपोआप रिकामा होतो. कासू आलं तशी मी एक पिशवी हुंगली. वास नाही. दुसरी हुंगली. तिलाही नाही. (रबराची पट्टी फारच छान बसली होती. याचा अभिमान वाटायला वेळ मात्र नव्हता.) गाडी हलायला आली, मनीने हात पुढे केले. सासूबाईंचा हात लेकीसाठी सढळ, म्हणजे जड असेल तीच सुकटीची, असा हिशेब करून मी जड पिशवी दिली. यंत्राला बॅटरी असते हे ते यंत्र बनवणारीला आठवलं नाही.

रोह्याला साहेबांच्या टेबलावर डबा ठेवून, बुडाकडे न बघताच, मी स्क्रू काढता काढता भाषण सुरू केलं.

"साहेब, या डब्यात बाहेरचं आत जात नाही आणि आतलं बाहेर येत नाही."

झाकण उघडलं. आतलं बाहेर आलं.

साहेब खुर्चीसकट मागे सरकले. पंख्याने आपलं काम चोख केलं. शेजारच्या खोलीतून कुणीतरी विचारलं, "आज कँटीनला सुकट हाय काय रे?"

"साहेब, हे ते नव्हे," मी म्हणाले.

"मग ते कुठे आहे, मॅडम?"

तेवढ्यात मनीचा फोन आला. घाईघाईत उचलताना नेमका स्पीकर लागला.

"वयनी, सुकट कुठं हाय? मी बटन दाबलं तं कायच नाय झालं. मग ओला हात लागला नि ह्यो डबा बोंबलाया लागला! आमचं मामा म्हनले बाँब हाय, नि दिला तल्यात टाकून."

"तळ्यात?"

"व्हय. पन बुडत नाय मेला. तरंगतोय नि जास्तच वाजतोय. आख्खा गाव जमलाय."

मागून मामांचा, म्हणजे तिच्या सासऱ्यांचा, आवाज आला, "काठीनं ढोसा त्याला!" आणि त्या सगळ्याच्या वर माझा भोंगा, अखंड. मला रडू यायचंच काय ते बाकी होतं. घरी जाऊन 'खेळ'च म्हणवून घ्यायचं, हे मी मनाशी ठरवूनही टाकलं.

साहेबांनी कान टवकारले. "काय वाजतंय हे?"

"आमचं यंत्र, साहेब."

"पाण्यात पडलंय तरी वाजतंय?"

"पाण्यात पडलंय म्हणूनच वाजतंय. बाहेर काढल्याशिवाय थांबायचं नाही."

साहेबांनी टेबलावरच्या डब्याचं झाकण लावलं, स्क्रू स्वतः आवळले आणि डब्याला नाक लावलं. मग उघडलं, तोंड फिरवलं. पुन्हा लावलं, पुन्हा हुंगलं.

"ही सुकट पेणपासून गाडीत आणलीत? आणि कुणालाच कळलं नाही?"

"मलाच कळलं नाही, साहेब. म्हणून तर हे झालं."

ऑर्डर मिळाली. डबा त्यांनी तपासणीसाठी ठेवून घेतला, सुकटीसकट. तपासणी कँटीनमध्ये झाली असावी, कारण डबा परत आला तो घासूनपुसून, रिकामा.

घरी येऊन मी छाती फुगवून सगळं सांगितलं. सासूबाईंनी ऐकलं आणि तडक कुंपणाशी जाऊन शेजारणीला हाक मारली.

"ऐकलंस काय गो? आमची सुकट रोह्याच्या कंपनीनं पास केली."

आता आमच्या पडवीला घरात कुणी खेळ म्हणत नाही. नवरासुद्धा पाहुण्यांना ती कौतुकाने दाखवतो आणि सांगतो, "हा हिचा सुकटीच्या डब्यांचा कारखाना."