जांभळ्या खोलीतला चुना

धाराशिवला घर बांधलं ते आईला सास्तूरहून आणायचं म्हणूनच. तिचे गुडघे गेलेले, गावात एकटी. खोली तिची होती, पण रंग मी माझ्या मनाचा दिला. जांभूळ खाल्लेल्या जिभेचा असतो ना, तसा जांभळट निळा, गडद. पेंटर म्हणाला, "ताई, अंगावर येतो हा रंग. एकच भिंत द्या, बाकी क्रीम मारू." मी म्हटलं, चारही मारा. पगार माझा, भिंती माझ्या. शेजारीण बघून गेली, म्हणाली, "वांग्यात बसल्यासारखं वाटतंय की वो!" म्हटलं, वांगं तर वांगं.

आई आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"भेग पडली तर ह्याच्यावर दिसायची कशी?"

सास्तूरचं तिचं घर आतून पांढरंफेक. भूकंपानंतर सरकारकडून मिळालेलं. तिथं रोज सकाळी चहाच्या आधी ती भिंतींच्या कोपऱ्यांवरून हात फिरवायची. मी लहानपणापासून बघत आलेय, म्हणून त्यात काही वेगळं वाटायचं नाही.

"आई, कॉलमचं घर आहे हे."

"व्हय."

"व्हय म्हणजे?"

"व्हय म्हंजी व्हय," म्हणाली, आणि वळकटी उचलून व्हरांड्यात गेली. तिथंच झोपायला लागली. थंडीत गुडघे सुजले तरी आत येईना. मग एका सकाळी म्हणाली, "मला गावाकडं नेऊन सोड."

माझं डोकंच फिरलं. "एवढा खर्च कुणासाठी केला मी? किती वर्षं झाली भूकंपाला! अजून किती दिवस भिंती चाचपत बसणारेस?"

ती सुपारी कातरत होती. हात थांबला नाही. "त्या साली गौरीसाठी सारवताना भेग दिसली हुती. पाव्हणे येणार म्हणून म्या लिंपून टाकली. लई चांगली दिसली भिंत."

भूकंपात ती भिंत माझ्या थोरल्या बहिणीवर पडली. ते मला माहीत होतं. लिंपल्याचं माहीत नव्हतं. अख्खं गाव आडवं झालं, एका भेगेनं काय होणार होतं, असं मी म्हणू शकले असते. मी पर्स उचलली. फार वाईट वाटलं, आणि ऑफिसला उशीर होत होता.

संध्याकाळी आले तर खोलीच्या प्रत्येक कोपऱ्यात, या भिंतीवरून त्या भिंतीवर, पांढरी बोटं ओढलेली. खाली तिची पानाच्या चुन्याची डबी उघडी.

"अगं बाई! नव्या रंगावर हे काय केलंस?"

"भिंत हलली की चुना आधी तडकतो. गावात पांढऱ्यावर पांढरं दिसायचं न्हाय. तुझा रंग चांगलाय." आणि वळकटी स्वतः ओढत आत घेऊन आली.

चुना वाळून पापुद्रे सुटतात, मग ती खरवडून नवा लावते. परवा वरच्या कोपऱ्याला तिचा हात पुरेना. डबी घेऊन मी स्टुलावर चढले आणि बोटभर चुना काढला.

"जाड नगं लावू," आई खालून म्हणाली. "जाड लावलं की आतलं दिसत न्हाय."