फ्रेंच मावशींची आठ पानं

फ्रेंच मावशींच्या आठ बोटांना जाड घट्टे पडलेले होते आणि दोन्ही करंगळ्या मात्र तान्ह्या बाळासारख्या मऊ. हार्प हे उभ्या तारांचं वाद्य वाजवताना करंगळी लागतच नाही म्हणे. "जन्मभर फुकट खातायत या दोघी," असं मावशी करंगळ्या पुढे करून सांगायच्या.

आमच्या सीवूड्सच्या सोसायटीत त्या राहायला आल्या, तेव्हा टेम्पोतून गोधडीत गुंडाळलेलं माणसाएवढं उंच काहीतरी उतरलं. वॉचमनला वाटलं देवीची मूर्ती, त्याने चपला काढून नमस्कार केला. मावशींनी कॉलेजात फ्रेंच शिकवलेलं, म्हणून फ्रेंच मावशी. तरुणपणी शिकायला पॅरिसला होत्या, हार्प तिथेच शिकल्या. मी सोसायटीच्या सांस्कृतिक कमिटीत, शिवाय लहानपणी पेटी शिकलेला, त्यामुळे संगीतातलं आपल्याला कळतं असा माझा समज. तो मावशींनी पहिल्याच दिवशी धुळीला मिळवला.

"मावशी, यात सा कुठला?"

"त्या लाल तारा दिसतात ना, त्या सी, तुझ्या पेटीतली पांढरी एक. पण म्हणून तो सा नव्हे."

"मग सा?"

"या रचनेत सुरुवातीला एक, मधे दुसरा. शेवटी कुठला, ते मलाही नक्की सांगता येत नाही रे."

त्यात भर, पायाशी सात पेडल. गाडीला तीन असतात तरी माझी तारांबळ उडते. घरी आल्यावर बायकोने विचारलं, काय बघितलंत? मला धड सांगता येईना.

गाजलेल्या फ्रेंच संगीतकारांशी मावशींना देणंघेणं नव्हतं. "त्यांना काय कमी आहे?" म्हणायच्या. त्यांना हवे असायचे ते विसरले गेलेले. तिकडच्या लायब्ऱ्यांनी जुनी छापील पानं नेटवर टाकली आहेत, ती दिवसदिवस उकरत बसायच्या. अशीच एका बाईची आठ पानांची रचना त्यांना सापडली. त्या बाईचं नाव मला कधीच उच्चारता आलं नाही. अर्धी अक्षरं लिहायची आणि म्हणायची नाहीत, हा काय प्रकार! एकदा छापली, त्यानंतर शंभरावर वर्षं पडून. रेकॉर्डिंग नाही, काही नाही.

"कुणी वाजवलीच नाही का हो?"

"वाजवली असेल. कुणी ऐकली का, ते माहीत नाही."

खाडीच्या दमट हवेत तारा रोज उतरायच्या आणि मधेच एखादी फटाक्यासारखी तुटायची. बाहेरून तार यायला फार वेळ लागे. शेवटी मावशी शेजारच्या करावे गावात जाऊन मासेमारीची नायलॉनची दोरी घेऊन आल्या. दुकानदाराने विचारलं, "कोनता मासा धरायचा हाय?" मावशी म्हणाल्या, "अजून कळलं नाही."

मग संधिवाताने बोटं आखडायला लागली. डॉक्टरांनी हार्प बंद करायला सांगितलं. मावशी तडक माझ्याकडे आल्या. "दिलीप, गणपतीच्या कार्यक्रमात मला थोडी जागा दे. ही आठ पानं एकदा माणसांनी ऐकली की मी सुटले. एकदाच जमेल, त्यापुढे हात साथ देणार नाहीत." आमच्याकडे गणपतीत वेशभूषा आणि फिल्मी नाच! पण नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

त्या संध्याकाळी आरतीनंतर मावशी तारा लावायला बसल्या. लोक गप्पा मारत होते. आपल्याकडे तंबोरे लागेपर्यंत कोण गप्प बसतं? मग त्या थांबल्या, पदर सारखा केला आणि वाजवायला लागल्या. मी पहिल्या रांगेत होतो म्हणून मला ते कळलं, तरी खात्री वाटेना. इतकं हळू, मधेच अडणारं, ना ताल सापडे ना सम. बाकी हॉलला वाटलं, अजून सूरच जुळवतायत. वेफर्सची पाकिटं फुटली, विसर्जनाच्या ट्रकवरून वाद सुरू झाला. मी मागे वळून "श्शऽ" म्हटलं, तर मलाच उत्तर मिळालं, "अरे, सुरू तर होऊ दे!"

मावशींनी तारांवर तळवे ठेवून शेवटचा नाद थांबवला. आमचे चेअरमन पाटील, करावे गावचे, मनाने मोठा माणूस, ते माईकवर आले. "मॅडम, सूर लागले असतील तर आता सुरू करा. लोकं कधीची वाट बघतात."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मावशी हसल्या, का त्यांचे डोळे भरले, ते मला ठरवता आलं नाही. "हो, लागले," म्हणाल्या आणि आठही पानं पहिल्यापासून पुन्हा वाजवली. या वेळी हॉल चिडीचूप. टाळ्या मात्र चाचरतच पडल्या, कारण संपलं की नाही हे कुणालाच कळेना. त्यानंतर मावशींनी हार्पला हात लावला नाही. दिवाळी झाली आणि त्या मुलीकडे नागपूरला गेल्या, कायमच्या. फार चुकल्या-चुकल्यासारखं होतं त्यांच्याशिवाय.

पण त्या संध्याकाळी टाळ्यांनंतर जे झालं, ते सांगायलाच हवं. मी धावत स्टेजवर गेलो. "मावशी, ऐकलं बरं का सगळ्यांनी!"

त्यांनी सुजलेली बोटं पदराखाली घेतली. "हे दुसऱ्यांदाचं रे. यात हात नव्हते माझे. खरं होतं ते पहिलं. ते गेलं."

मला तर दोन्ही सारखीच वाटली होती.

तेवढ्यात पाटलांची म्हातारी आई काठी टेकत पुढे आली. "पयल्या येलेला बेस वाजवलंस गो बाय," ती म्हणाली. "दुसऱ्या येलेला तुझं हात दुखत व्हतं ना?"

मावशींनी तिचे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडायला लागल्या. म्हातारी बिचारी घाबरली. माझ्याकडे वळून म्हणाली, "मी काय वायट बोलली काय रं?"

"नाही आजी," मी म्हटलं. "तुम्ही ऐकलंत, म्हणून रडतायत त्या."