भिंतीवरच्या बारा जुड्या

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानाही मी हा विषय टाळते — त्याला ठाऊक असेलच, मग आपण कशाला उगाळा? तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणाऱ्यांसमोर बोलायची हिंमत असती, तर ही वेळच आली नसती.

रायपूरला समता कॉलनीत नळ आणि पाइपांचं घाऊक दुकान आहे. तिथे मी कॉम्प्युटरवर मालाच्या नोंदी करते. बरीच वर्षं झाली. आता तिथे माझा शब्द शेवटचा. नवी मुलगी आली की पंधरा दिवस माझ्याच शेजारी बसवतात. मी तिला शिकवते — आकडा आधी कागदावरून मोठ्यानं वाच, मग पडद्यावरून वाच. मशीननं काही विचारलं तर बोट वर उचल, प्रश्न पुरता वाच, मगच एंटर दाब. परवाच एक म्हणाली, "दीदी, आपसे तो कभी गलती होती ही नहीं।" मी हसले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

हे नियम मी कुठे शिकले, ते मात्र तिनं विचारलं नाही.

मेश्राम काका आमचं गोदाम सांभाळायचे. मूळचे भंडाऱ्याकडचे, माझ्या वडिलांच्या ओळखीतले. ही नोकरी मला त्यांनीच लावून दिली. माल मोजायची त्यांची एक रीत होती — दाराजवळच्या भिंतीवर खडूनं चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. तिला ते जुडी म्हणत. बिल आल्याचं मी सांगितलं, की ओल्या फडक्यानं त्या मालाच्या रेघा पुसायचे. तोवर भिंतीला कोणाला हात लावू देत नसत. मी त्यांची थट्टा करायची. हसायचे आणि पुढची जुडी मारायचे.

आता ज्या नोंदीवरून हे सगळं झालं, तिचं सांगते. आमच्याकडे माल आधी चलानावर, म्हणजे मालासोबतच्या चिठ्ठीवर येतो, बिल आठ-दहा दिवसांनी. चलानाची नोंद झाली की कॉम्प्युटरात माल चढतो. पुढे बिलाची नोंद करताना मशीन विचारतं — हा माल कुठल्या चलानाचा? तिथे चलानाचा नंबर द्यायचा. नाही दिला, नुसतंच एंटर दाबलं, तर मशीन समजतं की हा नवाच माल आहे, आणि तोच माल पुन्हा एकदा चढतो. एका वर्षी पितळी नळ आले होते, साठ. चलान मी नोंदवलं. बिल आलं, तेही नोंदवलं — आणि नुसतंच एंटर दाबलं. दिवसभर मशीन काही ना काही विचारतच असतं, बोटाला सवय झालेली. बिल आल्याचं काकांना सांगायचंही राहून गेलं. साठाचे एकशे वीस झाले, आणि मी पुढचा कागद उचलला.

एवढीच चूक असती तर मी आज हे लिहीत बसले असते का? चूक कोणाच्या हातून होत नाही?

दिवाळीआधी गोदामाची मोजदाद झाली आणि साठ नळ कमी भरले. दुकानाच्या सेठजींनी काकांना सगळ्यांसमोर उभं केलं. काका त्यांना भिंतीपाशी घेऊन गेले. रेघा तशाच होत्या — बारा जुड्या. "साठ ही आये थे, सेठजी. ये देखो." सेठजी भिंतीकडे बघून हसले. "कम्प्यूटर झूठ बोलेगा क्या, मेश्राम?"

मग काका माझ्या टेबलाशी आले. घाम आलेला, बोटांना खडू. "पोरी, एक डाव तुह्या मशीनमंदी पाह्य ना वं. मले त साठच आठवून राह्यले."

मी पाहिलं. नळाचं पान उघडलं. एकाखाली एक दोन ओळी — चलानाचे साठ, बिलाचे साठ. दुसऱ्या ओळीत चलानाच्या नंबराची जागा कोरी. समजायला मला क्षणही लागला नाही. पडद्याची पाठ काकांकडे होती. ते पडदा बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते.

आणि मी म्हणाले, "बरोबर आहे काका. एकशे वीसच आहेत."

का म्हणाले? महिन्याभरापूर्वीच एका चुकीवरून सेठजींनी मला सुनावलं होतं. घरची अडचण होती. पण ती तुम्हाला सांगणार नाही, कारण त्या क्षणी मला घर आठवलंच नव्हतं. आठवलं ते एवढंच, की सगळे मला हुशार म्हणतात. हात दाखवून अवलक्षण कशाला, असं वाटलं. बस. एवढ्यासाठी.

काका भांडले असते, मला खोटारडी म्हणाले असते, तर मी कदाचित बोलले असते — नाही, हेही खोटंच. बोलले नसते. ते भांडले नाहीत. म्हणाले, "तू म्हनतेस म्हनजे असंल. माहीच मोजनी चुकली मंग." सेठजींकडे गेले आणि स्वतःच म्हणाले की मोजण्यात आपलीच चूक झाली. सेठजींनी ती चोरीच मानली आणि त्यांना कामावरून काढलं. ते साठ नळ चोरीत गेले असं लिहायला मला सांगितलं. ती नोंद मी केली. दोनदा वाचून केली.

पुढे त्यांना कोणी गोदामावर ठेवलं नाही. व्यापाऱ्यांत बातमी रायपूरबाहेर, अभनपुरापर्यंत पोचली होती. गेल्या वर्षी ते वारले. मी काकूंना भेटायला गेले — हो, तेवढा निर्लज्जपणा माझ्यात आहे. काकूंनी माझ्यासाठी चहा ठेवला. म्हणाल्या, "घरी आल्यापासून त्यायचा मोजन्यावरचा भरोसाच उडाला होता वं. पोळ्या मोजाले लावत मले. म्हनत, मी मोजल्या त चुकतीन." मी चहा प्यायले. घरी आले.

गोदामाला मागेच रंग दिला. ती भिंत आता निळी आहे. तिच्याजवळून मी रोज जाते.

बारा जुड्या होत्या. बारा पंचे साठ. काका, तुमची मोजणी बरोबर होती.