नाव सांग, गाव सांग

फोन आला तेव्हा मी अंबडच्या कोर्टात माझ्या टेबलापाशी होते. पलीकडून माझ्या शाळेतल्या साळवे मॅडमची भाची बोलत होती. "मावशी गेली," एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली. मला मात्र रडू आलं नाही. पोटात एकदम गार पडलं... शर्यतीच्या रेषेवर बसल्यावर व्हायचं अगदी तसं. कित्येक वर्षांत मी धावले नव्हते, पण भीतीला माझ्या अंगातली तिची जागा बरोबर माहीत होती.

त्याआधी आठच दिवस झाले असतील, मी त्यांना भेटून आले होते. फुप्फुसं आकसत चालली होती. खाटेशेजारी ऑक्सिजनचं नळकांडं, नाकात नळी, आणि दोन शब्दांमध्ये इतकं अंतर की पुढचा शब्द येईल की नाही याची मला धास्ती वाटायची. त्यांनी माझी बोटं धरून स्वतःच्या मनगटावर ठेवली. "मोज," म्हणाल्या. मी घड्याळाकडे बघत नाडी मोजू लागले. मध्येच त्या म्हणाल्या, "सुमन, भीती वाटून राह्यली गं." आयुष्यभर या बाई दुसऱ्यांसाठी घाबरत आल्या होत्या. स्वतःसाठी घाबरलेलं मी त्यांना पहिल्यांदा पाहत होते. मी मोजत राहिले.

निर्मला साळवे आमच्या हसनाबादच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका म्हणून आल्या तेव्हा मी आठवीत होते. ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा काळ. साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. बाईमाणूस धावताना आम्ही तोवर पाहिलंच नव्हतं. शेतातून घरी धावत येणं वेगळं. या बाई मैदानात चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारून, घड्याळ लावून धावायच्या, आणि कुंपणाबाहेर उभी राहून माणसं बघायची. पण मुळात त्या धावणाऱ्या नव्हत्या, पोहणाऱ्या होत्या. औरंगाबादला कॉलेजच्या संघातून पोहलेल्या. पोहायला कुठं शिकलात असं आम्ही विचारलं तर म्हणाल्या, "नदीच्या डोहात. गावच्या विहिरीवर आम्हाला कुठं येऊ द्यायचे?" हे त्या इतक्या सहज बोलल्या की आम्हीच खाली बघायला लागलो.

धावणं त्या पाण्यावरून शिकवायच्या. "पोहणाऱ्याला पाणी धरून मागं ढकलावं लागतं, आणि पाणी हातातून निसटतं. तुमच्या पायाखाली जमीन आहे. ती कुठं पळत न्हाई, तिला मागं ढकला." सुरुवातीची आठ-दहा पावलं वाकून, मग हळूहळू ताठ व्हायचं. मान सैल, जबडा सैल. "घाबरलेला माणूस पाण्यात मुठी आवळतो अन् बुडतो. तुम्ही आवळल्या तर बुडणार न्हाई, उशिरा पोचाल इतकंच." जोरात चार-पाच वेळाच पळवायच्या, आणि प्रत्येक वेळेनंतर बराच वेळ सावलीत बसवायच्या. आम्हाला तो आळशीपणा वाटायचा. त्या म्हणायच्या, दमलेल्या पायांना वेग शिकवता येत नाही, फक्त दमणं शिकवता येतं.

आणि खाणं. त्याबद्दल त्या फार कडक होत्या. ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, मोड आलेली मटकी, मूठभर शेंगदाणे गुळासोबत, जमेल त्या घरी दूध आणि अंडं. पळायच्या आधी तीन तास पोटभर, मग पळायची वेळ जवळ आल्यावर एखादं केळं. "गार पाण्यातून बाहेर आलं की भूक अशी लागते की पोहणारा दिसेल ते खातो. तुमचं उलटं आहे. उन्हात पळून भूक मरते, अन् तुम्हाला वाटतं आपलं पोट भरलंय. म्हणून तुमच्यावर जास्त नजर ठेवावी लागते."

ती नजर म्हणजे तीन प्रश्न. प्रत्येक धावेनंतर, रेषा ओलांडली की त्या समोर उभ्या. "नाव सांग." "गाव सांग." "सकाळी काय खाल्लं?" धाप लागलेल्या तोंडानं मोठ्यानं उत्तर द्यायचं. आम्ही हसायचो. एखादी मुलगी मुद्दाम गप्प बसली की मात्र मॅडमचा चेहरा असा व्हायचा की हसणं बंद पडायचं. ओठ पांढरे, डोळे मोठे. एकदा त्यांनी एका मुलीचे खांदे धरून तिला गदागदा हलवलं होतं, "बोल, बोल ना गं!" का, ते आम्हाला कळत नव्हतं. मॅडमला कसली तरी भीती आहे एवढंच कळायचं, आणि ती भीती आमच्याही अंगात उतरायची.

माझी स्वतःची भीती निराळी होती, ती घरात होती. माझे वडील, आबा, धावायला नाही म्हणाले नाहीत. मी पहिली येते याचा त्यांना अभिमानही होता. पण मॅडम आल्या त्या आठवड्यातच त्यांनी मला बजावलं होतं, "पळ, खेळ, मी आडवा येत न्हाई. पण त्या बाईच्या हातचं खायाचं न्हाई. बिलकुल न्हाई. मला कळलं तं पळणं बंद." आबांना ते कसं कळेल हा प्रश्न मला पडला नाही. मला वाटायचं त्यांना सगळं कळतं.

मग जालन्याची जिल्ह्याची स्पर्धा आली. आदल्या संध्याकाळी धसक्यानं मला घास गेला नाही. पहाटेची एसटी गाठायच्या घाईत आईनं बांधून दिलेला डबा घरातच राहिला. ते मला एसटी बरीच पुढे गेल्यावर आठवलं. मॅडमनी माझा चेहरा वाचला. त्यांनी स्वतःचा डबा उघडला. दोन भाकऱ्या, पिठलं, शेंगदाण्याचे लाडू. अर्धं माझ्या पुढ्यात ठेवलं. "खा. तीन तास आहेत, बराबर पचतं."

बसमध्ये आमच्या गावची माणसं होती. मागच्या बाकावर आबांच्या ओळखीचे एक जण. मी खिडकीकडे तोंड केलं, जबडा हलवत राहिले, आणि भाकरी रुमालात गुंडाळून पिशवीत तळाशी घातली. लाडूही. पाणी तेवढं प्याले, तेही पुढच्या स्टँडच्या नळाचं.

पहिली फेरी मी जिंकले. रेषेपलीकडे मॅडम होत्याच. नाव सांगितलं. गाव सांगितलं. सकाळी काय खाल्लं? "भाकरी अन् पिठलं," मी म्हणाले. डोळ्यांत बघून. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

दुसरी फेरीही मी जिंकले. ऊन चढलं होतं. अंतिम शर्यतीला थोडाच वेळ होता. मी उठून उभी राहिले आणि मैदानाच्या कडा काळ्या झाल्या. लोकांचे आवाज लांब गेले, कानात फक्त एक बारीक शिट्टी. त्यातून मॅडमचा आवाज येत होता, "सुमन, नाव सांग! नाव सांग!" मला माझं नाव माहीत होतं. ते तोंडापर्यंत येत नव्हतं. आपण मरतोय, आणि रुमालातली भाकरी आता सगळ्यांना दिसणार, या दोन भीती एकाच वेळी माझ्या मनात होत्या. त्यांतली मोठी कोणती, हे मी अजून सांगू शकत नाही.

शुद्धीवर आले तेव्हा तोंडात गूळपाण्याची चव होती. मॅडम मातीत बसल्या होत्या, माझं डोकं मांडीवर. मी नाव सांगितलं तरी त्या पेला माझ्या ओठांना लावून पुन्हा पुन्हा नाव विचारत होत्या. अर्ध्या तासात मला बरं वाटलं. अंतिम शर्यत उशिरा सुरू होणार होती. मी उभी राहिले, म्हणाले, मी पळते. मॅडम पंचांकडे गेल्या आणि माझं नाव काढून आल्या. मी पाया पडले, रडले, शिव्या देण्याइतपत बोलले. त्या फक्त मान हलवत राहिल्या. "न्हाई. न्हाई म्हणजे न्हाई." माझ्या दोन्ही फेऱ्यांत मागे राहिलेली मुलगी ती शर्यत जिंकली आणि विभागाच्या स्पर्धेला गेली.

घरी आबा म्हणाले, "दोनदा जिंकून बी पळू देलं न्हाई? भेकड बाई हाये." मी हो म्हणाले. खरं काय घडलं ते मी सांगितलं नाही, आणि पुन्हा मैदानात गेले नाही. मॅडम घरी बोलवायला आल्या तेव्हा आबांनी त्यांना ओट्यावर उभं ठेवलं, पाणीही विचारलं नाही. मी दाराआड होते. बाहेर आले नाही.

पुढे मी शिकले, लग्न होऊन अंबडला आले, कोर्टात नोकरीला लागले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका सकाळी बाजारात समोरून मॅडम. बदली होऊन त्या तिथंच आल्या होत्या, केस पांढरे झालेले. मला वाटलं ओळख देणार नाहीत. त्या थांबल्या, मला खालून वर बघितलं आणि म्हणाल्या, "वजन फार कमी दिसतंय. काय खाल्लं सकाळी?" त्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले आणि त्यांनी वाढलेलं जेवले. दोघींपैकी कोणीच जुन्या गोष्टीचं नाव काढलं नाही.

माझी मुलगी श्रुती तेव्हा सात-आठ वर्षांची. मोठी होत गेली तशी तिला पोहण्याचं वेड लागलं. जालन्यातल्या एका पोहण्याच्या तलावावर ती सुट्टीत शिकायची, मग स्पर्धेत उतरायला लागली. कट्ट्यावरून उडी घेताना पाय कसे झटकायचे ते मॅडम तिला अंगणात शिकवायच्या. "धावणारा अन् पोहणारा, सुरुवातीला दोघं एकच असतात. पुढं वाटा वेगळ्या." पण तलावावर मात्र कधी येत नसत. श्रुतीनं फारच हट्ट धरला म्हणून एकदा आल्या. मी त्यांच्याशेजारी पायऱ्यांवर बसले होते. त्यांनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

सराव संपला. श्रुती आणि तिची मैत्रीण उथळ बाजूला खेळत होत्या. श्रुतीनं भराभर पाच-सहा मोठे श्वास घेतले, नाक दाबलं आणि खाली गेली. कोण जास्त वेळ राहतं, असला खेळ. मॅडम मोजायला लागल्या. आधी मनात, मग ओठांनी, मग मोठ्यानं. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला पाण्याकडे बघायची भीती वाटली. चाळीसच्या पुढे त्यांचा आवाज फाटला. "काढा तिला! बाहेर काढा!" कोणाला काही कळायच्या आत त्या पायऱ्या उतरून चपला-साडीसकट पाण्यात होत्या, छातीपर्यंत.

त्यांचा हात पोचायच्या आधीच श्रुती वर आली. हसत. "आजी, तुम्ही कशाला आलात?"

"नाव सांग," मॅडम म्हणाल्या. श्रुती हसतच होती. "नाव सांग गं!" ती रडकुंडीला आली आणि तिनं नाव सांगितलं.

त्या संध्याकाळी, ओल्या केसांनी माझ्या घरी चहा पिताना, त्यांनी ते पहिल्यांदा सांगितलं. कॉलेजच्या संघात त्यांची मैत्रीण होती, मंदा. श्वासाची ताकद वाढवायची म्हणून दोघी असाच सराव करायच्या. आधी भराभर मोठे श्वास, मग बुडी. "मोठे श्वास घेतले की श्वास घ्यावासा वाटणंच बंद होतं, सुमन. अंगाला कळतच न्हाई आपण संपत आलोय ते. आतल्या आत शुद्ध जाते. तेव्हा कोणाला माहीत होतं? मी काठावर बसून मोजत होते. आकडा वाढत होता तसा मला आनंद होत होता. मंदानं आज सगळ्यांना मागं टाकलं म्हणून मी टाळ्या वाजवल्या..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. कप खाली ठेवला. "बाहेर काढली तेव्हा मी तिला नाव विचारत होते. ती बोललीच न्हाई."

मला आता राहवेना. मी म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी जालन्याला मी तुमची भाकरी खाल्ली नव्हती. खोटं बोलले होते."

"माहिती आहे," त्या म्हणाल्या. "तुझी पिशवी मीच आवरली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तू घरात काय सांगशील, याची मला भीती वाटली. रुमाल पिशवीत तसाच राह्यला असता तं तुझ्या आबांना माझी भाकरी सापडली असती. मी ती भाकरी मैदानाबाहेर कुत्र्याला घातली, रुमाल धुऊन माझ्याजवळच ठेवला." घरी पिशवीत तो दिसला नाही तेव्हा गडबडीत कुठं तरी पडला असं मी समजले होते. मॅडम पुढे म्हणाल्या, "वाईट वाटलं होतं. न्हाई असं न्हाई. पण आधी तू बोलायला लागलीस याचं बरं वाटलं."

एवढ्या वर्षांत मी या बाईंना भेकड म्हणणाऱ्यांत होते.

मॅडम गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला अंबडच्या शाळेतल्या मुली आल्या होत्या. त्यांच्याकडून कळलं की निवृत्तीनंतरही मॅडम रोज सकाळी मैदानावर जायच्या. पळवायला नाही. मुली अनवाणी धावतात म्हणून, त्या यायच्या आत, धावपट्टीवर वाकून खडे, बाभळीचे काटे, बाटल्यांच्या काचा वेचायला. श्वास पुरेनासा झाल्यावर बसत बसत वेचायच्या. भिंतीपाशी त्याचा गुडघाभर ढीग झालाय.

परवा मी कामावर जायच्या आधी तिथं गेले. उजाडलं होतं, मुली रेषेवर उभ्या होत्या. मी त्यांच्यापुढून वाकून चालत निघाले. पंधरा-वीस पावलांवर मातीत काचेचा एक तुकडा निघाला, टोक वर करून. मागं एक मुलगी मांडीवर थाप मारत होती, पळायला उतावीळ. माझ्या पोटात पुन्हा ते गार पडलं...

"थांबा," मी ओरडले. "पळू नका कोणी. अजून अर्धं मैदान बघायचं राह्यलंय."