खोडलेले उणे दोन
काल विट्याच्या रस्त्यावर मैलाच्या दगडांना रंग देत होते, आणि त्या ऑइलपेंटच्या वासाने मला पलूसचा नववीचा वर्ग आठवला. मी तेव्हा नवा शिक्षक होतो, आणि मला कायम करायचे की नाही हे ठरवण्यासाठी मुख्याध्यापक शेवटच्या बाकावर बसून माझा तास बघत होते. ‘क्ष वजा तीन’चे केवलमूल्य पाच आहे, तर क्ष किती? घाईत मी फळ्यावर नुसते आठ लिहिले आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. तेवढ्यात जतकडच्या मेंढपाळांची एक मुलगी उभी राहिली. “आवं सर, केवलमूल्य म्हंजी निस्तं अंतर न्हवं का? मैलाच्या दगडापास्नं पाच किलोमीटर हिकडं बी असत्यात आन् तिकडं बी. तीनच्या मागं पाच गेलं की उणे दोन. त्ये बी उत्तर हाय की!” तिचे बरोबर होते, हे मला तिथल्या तिथे कळले. पण मुख्याध्यापक वहीत काहीतरी लिहीत होते. मी म्हणालो, “तुमची मेंढरं मागं जात असतील, गणित पुढंच जातं. बस खाली.” वर्ग हसला, मुख्याध्यापकही हसले. मी कायम झालो. फळ्यावरची चूक मात्र कधी सुधारली नाही. पुढे चाचणीत तेच गणित आले. तिच्या पेपरात उणे दोन लिहून खोडलेले होते आणि शेजारी एकटे आठ. त्याला मी पूर्ण गुण दिले. हे आजवर मी कुणालाच सांगितलेले नाही. हल्ली तो धडा आला, की फळ्यावर मी आधी उणे दोन लिहितो.