नालीकडे तोंड

नांदेडच्या बसस्टँडबाहेर पेरू विकणाऱ्या त्या म्हाताऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. उन्हाला आडोसा म्हणून त्यानं गाड्याला निवडणुकीचा फ्लेक्स बांधला होता. आमदाराचं तोंड मुद्दाम बाहेर, तुंबलेल्या नालीकडे.

"दिल्लीवाले देश बदलून राहिले म्हणं," पेरूवर तिखटमीठ भुरभुरत तो म्हणाला. "आमची नाली तेवढी बदलंना. बघू द्या त्याला दिवसभर."

"मग यंदा दुसऱ्याला मत द्या," मी म्हणालो.

त्यानं सुरी ठेवली आणि फ्लेक्सचा कोपरा उचलला. खाली आणखी एक फ्लेक्स होता. विटलेला, हात जोडून हसणारा दुसरा.

"ह्यो त्याच्या आधीचा. यानंबी नालीच बघितली पाच वर्षं. आता दोघं एकाच पक्षात हायत."