पाटातल्या काड्या

महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं, तेव्हा मी देऊळगाव राजाच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. शाळेच्या समारंभात विमान कसं उडतं यावर माझं व्याख्यान झालं. अध्यक्षांचं भाषण त्याहून लांबलं, पण त्यात विमान कुठेच नव्हतं.

मी फळ्यावर पंख काढून सांगितलं, "वरची बाजू फुगीर, म्हणून वरच्या हवेला लांबची वाट. खालच्या हवेबरोबर एकाच वेळी पोचायचं म्हणून ती जोरात धावते. मग वरचा दाब घटतो आणि पंख उचलला जातो."

दाराशी एक भाजीपाला पिकवणारा माणूस चपला हातात धरून उभा होता. नखांत ओली माती होती. तळहात पंखासारखा तिरका धरून त्याने विचारलं, "गुर्जी, मी वांग्याले पानी देतो. पाटात गोटा आडवा आला का काड्या दोईकून जातात, पर संगं नाही पोचत. मंग हवाच काऊन संगं पोचन?"

"काका, विमान पाटातून जात नाही," मी म्हणालो. सभा हसली. अध्यक्ष सर्वांत मोठ्याने हसले.

तोही हसला. "हाव गुर्जी. माह्याच पाह्यन्यात चूक असन."

बऱ्याच वर्षांनी एका पुस्तकात वाचलं की वरची हवा खालच्या हवेच्या आधीच पोचते. दोघींनी बरोबर पोचावं असा नियमच नाही. पुढच्या वर्गांना मी नीट शिकवलं. तो माणूस मात्र पुन्हा भेटला नाही. डोळ्यांनी पाहिलेलं खरं त्याने माझ्या शब्दाखातर खोटं मानलं, आणि ते तसंच राहिलं.